गिरणीचा क्लब: रिओच्या बांगूची गोष्ट

आजचा भाग फुटबॉलचा आहे, पण ज्यांना ऑफसाइड म्हणजे काय ते अजून कळलेलं नाही त्यांनीही थांबा. ऑफसाइडचा आज फारसा संबंध येणार नाही. गोष्ट आहे एका कापड गिरणीची, एका रंगाऱ्याची, एका विणकराची आणि मटक्याच्या धंद्यातल्या एका डॉनची. मध्ये मध्ये फुटबॉल येत राहील.

ब्राझीलचे क्लब सांगा म्हटलं की आपल्यापैकी कोणीही सांतोस म्हणेल, फ्लामेंगो म्हणेल. रात्री जागून मॅचेस बघणारा असेल तर पाल्मेरास, कोरिंथियन्स, फ्लुमिनेन्से. बांगू कोणी म्हणणार नाही. खुद्द ब्राझीलमध्येसुद्धा बांगू हे नाव बातम्यांत बरेचदा आलं ते तिथल्या तुरुंगामुळे. मोठमोठे गुन्हेगार, नंतर नंतर तर मोठमोठे राजकारणीही, तिथे रवाना झाले. तुरुंगाचं अधिकृत नाव बदलून जेरिसिनो केलं, पण लोकांच्या तोंडी बांगूच राहिलं. दुसरी ओळख उन्हाची. रिओ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर समुद्र येतो. बांगूला समुद्र नाही. शहराच्या मध्यापासून तीसेक किलोमीटर पश्चिमेला, डोंगरांच्या कुशीत अडकलेलं हे उपनगर रिओतल्या सगळ्यात तापणाऱ्या भागांपैकी एक आहे.

आणि या बांगूचा एक क्लब आहे. लाल-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांची जर्सी. रिओ राज्याचं विजेतेपद दोनदा, १९३३ आणि १९६६. अख्ख्या ब्राझीलचा चॅम्पियन होता होता एकदा राहिला, तेही पेनल्टी शूटआउटवर. ट्रॉफ्या मोजल्या तर विषय पाच मिनिटांत संपतो. पण ब्राझीलमध्ये फुटबॉल कोणाचं, हा प्रश्न पहिल्यांदा जिथे उभा राहिला त्या जागांमध्ये बांगूचा नंबर फार वरचा आहे. त्यासाठी आपल्याला मागे जायला लागेल.

१३ मे १८८८. ब्राझीलमध्ये कायद्याने गुलामगिरी संपली. अमेरिका खंडात सगळ्यात शेवटी. पुढच्याच वर्षी, म्हणजे १८८९ ला, 'कोम्पान्यिया प्रोग्रेसो इंडुस्ट्रियाल दो ब्राझील' नावाची कंपनी निघाली. नावाचा अर्थ साधारण 'ब्राझील औद्योगिक प्रगती कंपनी'. तिने बांगूची जुनी शेतवाडी घेतली आणि तिथे कापड गिरणी बांधली. पाणी होतं, जमीन होती, रेल्वे होती. १८९३ ला गिरणी सुरू झाली. यंत्रं इंग्लंडची, आणि यंत्रं चालवायला, शिकवायला माणसंही तिकडचीच.

त्यात १८९४ मध्ये थॉमस डोनोहो आला. स्कॉटलंडमधलं ग्लासगोजवळचं बझ्बी हे त्याचं गाव. धंद्याने रंगारी, म्हणजे कापड रंगवण्यातला जाणकार. काही महिन्यांनी बायको-मुलंही आली आणि सामानात फुटबॉल आला असं सांगतात. गिरणीजवळच्या मोकळ्या जागेत त्याने आपल्यासारख्याच परदेशी कामगारांना जमवून खेळ मांडला. संघ अकराचे नव्हते, पाच-सहा जणांचे होते. आपण बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये खेळतो तसंच.

आता इथे वाद आहे. ब्राझीलमधल्या शाळकरी पोरांना शिकवतात की फुटबॉल आणलं चार्ल्स मिलरने. साओ पावलोत जन्मलेला, इंग्लंडमध्ये शिकलेला, १८९४ मध्ये परत येताना चेंडू आणि नियमांचं पुस्तक घेऊन आलेला मुलगा. त्याने भरवलेला सामना १४ एप्रिल १८९५ चा. बांगूवाले म्हणतात, आमचा डोनोहो त्याच्या काही महिने आधी. मिलरवाले म्हणतात, मैदानावर अकरा-अकरा नव्हते, नियम नव्हते, ते कसलं फुटबॉल! मला विचाराल तर हा 'पहिला कोण' वाद जरा कंटाळवाणाच आहे. पहिला कमिट कोणी केला यापेक्षा रेपॉझिटरीचा ॲक्सेस कोणाकोणाला मिळाला, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आणि ॲक्सेसच्या बाबतीत बांगूचं वेगळेपण खरोखर दिसतं.

क्लब स्थापन व्हायला आणखी दहा वर्षं लागली. १७ एप्रिल १९०४. नाव सरळ इंग्रजीत होतं, 'द बांगू ॲथलेटिक क्लब'. संस्थापक बहुतेक सगळे इंग्रज. कागदावर हा साहेबांचाच क्लब होता.

त्या काळी रिओमध्ये क्लब कसे होते बघा. फ्लुमिनेन्से १९०२ चा. ऑस्कर कॉक्स नावाच्या, युरोपात शिकून आलेल्या तरुणाने आणि त्याच्या मित्रांनी काढलेला. सगळी मोठ्या घरची मंडळी. मॅचला बायका टोप्या घालून, पुरुष सूट घालून यायचे. त्याशिवाय इंग्रजांचे स्वतःचे वेगळे क्रिकेट क्लब होते, तिथे फुटबॉलही चालायचं. म्हणजे खेळ कोणाचा, तर ज्याच्याकडे वेळ आहे, पैसा आहे आणि योग्य आडनाव आहे त्याचा. कातडीचा रंग तर बोलायचीही गरज नव्हती, ते गृहीतच होतं.

बांगूत मात्र एक साधा हिशेब आडवा आला. सामना खेळायला बावीस माणसं लागतात. शहरातल्या इंग्रज क्लबांना ती सहज मिळायची. शहरापासून इतक्या लांबच्या गिरणीत फुटबॉल खेळणारे बावीस इंग्रज आणायचे कुठून? प्रॅक्टिस करायची तरी समोर कोणीतरी हवं. मग इटालियन कामगार आले, पोर्तुगीज आले. आणि मग स्थानिक ब्राझिलियन. हा मुद्दा माझा नाही, मारियो फिल्यो नावाच्या पत्रकाराचा आहे. हा माणूस ब्राझिलियन खेळ-पत्रकारितेचा बाप समजला जातो, मारकाना स्टेडियमचं अधिकृत नाव त्याच्यावरूनच आहे. १९४७ मध्ये त्याने ब्राझिलियन फुटबॉलमधल्या काळ्या खेळाडूंवर पुस्तक लिहिलं, त्यात बांगूचा हा हिशेब आहे. मला तो आवडतो कारण त्यात कोणाला देवमाणूस करावं लागत नाही. बांगूने दार उघडलं ते मोठ्या मनाने नव्हे. संघ पुरा पडत नव्हता म्हणून उघडलं.

१४ मे १९०५, रविवार. गिरणीच्या मैदानावर बांगू विरुद्ध फ्लुमिनेन्से. बांगूच्या संघात पाच इंग्रज, तीन इटालियन, दोन पोर्तुगीज आणि एक ब्राझिलियन. त्याचं नाव फ्रान्सिस्को कारेगाल. वडील गोरे पोर्तुगीज, आई काळी ब्राझिलियन. गिरणीत विणकर. बांगूने मॅच ५-३ ने मारली. तारीख पुन्हा एकदा बघा. गुलामगिरी संपल्याला त्या दिवशी बरोबर सतरा वर्षं आणि एक दिवस झाला होता. गुलाम म्हणून जन्मलेली, अजून पन्नाशीही न गाठलेली माणसं रिओच्या रस्त्यांवर चालत होती, आणि त्याच शहरात एक विणकर शहरातल्या सगळ्यात श्रीमंत पोरांविरुद्ध खेळून जिंकत होता.

त्या संघाचा एक फोटो आहे, नेटवर सहज सापडतो. कारेगाल पुढे बसलाय, चेंडू त्याच्यापाशी, चेंडूवर १९०५ लिहिलंय. मारियो फिल्योने त्या फोटोतल्या कपड्यांवर लिहिलंय: संघात सगळ्यात नीटनेटका, सगळ्यात जपून तयार होऊन आलेला खेळाडू कारेगालच दिसतो. इंग्रजांना कसंही येऊन चालत होतं. त्याला चालणार नव्हतं. हे वाक्य वाचल्यावर मी तो फोटो झूम करून बराच वेळ बघत बसलो होतो.

१९०६ मध्ये रिओची पहिली चॅम्पियनशिप झाली आणि बांगू तिच्यात होता. १९०७ मध्ये लीगने क्लबांना कळवलं की 'रंगाच्या माणसांची' हौशी खेळाडू म्हणून नोंदणी होणार नाही. भाषा अशीच, सरकारी परिपत्रकासारखी कोरडी. त्याच वर्षी बांगू लीगमधून बाहेर पडला. क्लबच्या इतिहासात या बाहेर पडण्याचं कारण हेच सांगितलं जातं आणि बांगूच्या ओळखीचा हा गाभा आहे. जवळजवळ शंभर वर्षांनी, २००१ मध्ये, रिओच्या विधानसभेने वर्णभेदाविरुद्धच्या या पहिल्या पावलासाठी क्लबला तिरादेन्तेस पदक दिलं.

इथे थांबलो असतो तर छान झालं असतं. सोशल मीडियावर बांगूच्या पोस्ट्स इथेच थांबतात. पण १९२३-२४ चं प्रकरण सांगितल्याशिवाय ही गोष्ट अर्धी आहे.

१९२३ मध्ये वास्को दा गामा हा पोर्तुगीज व्यापाऱ्यांचा क्लब रिओचा चॅम्पियन झाला, तोही काळ्या, मिश्र वंशाच्या आणि गरीब गोऱ्या खेळाडूंच्या जोरावर. बड्या क्लबांना ते झोंबलं. त्यांनी १९२४ मध्ये 'आमेआ' नावाची नवी संघटना काढली आणि वास्कोला सांगितलं, यायचं असेल तर तुमचे बारा खेळाडू काढा, त्यांचा कामधंदा आणि सामाजिक स्थान आम्हाला पटत नाही. वास्कोने ७ एप्रिल १९२४ च्या पत्राने साफ नकार दिला. हे पत्र ब्राझीलमध्ये 'ऐतिहासिक उत्तर' म्हणून प्रसिद्ध आहे. आता ही नवी संघटना काढणारे क्लब कोणते? फ्लुमिनेन्से, फ्लामेंगो, बोटाफोगो, अमेरिका आणि… बांगू.

होय, तोच बांगू.

कसं काय? माझ्या मते उत्तर गिरणीत आहे. नव्या संघटनेचा आक्षेप वरवर तरी रंगावर नव्हता. तिचं म्हणणं, खेळाडूला खरीखुरी नोकरी हवी, फुटबॉल खेळण्यासाठी पैसे घेणारा नको. वास्कोचे खेळाडू व्यापाऱ्यांच्या दुकानांत नावापुरते नोकर होते असा आरोप होता. बांगूच्या खेळाडूंची नोकरी मात्र खरी होती. गिरणीच्या हजेरीपटावर नाव होतं. त्यामुळे बांगू नियमात बसत होता. आणि नियमात बसणाऱ्याने नियमाविरुद्ध उभं राहायचं की नाही, हा प्रश्न १९२४ मध्ये बांगूपुढे आला तेव्हा त्याने १९०७ पेक्षा वेगळं उत्तर दिलं. यामुळे १९०७ खोटं ठरत नाही. पण क्लब म्हणजे एकाच माणसासारखा एकाच मताचा प्राणी नसतो, हे मात्र लक्षात येतं.

नोकरी खरी होती म्हणजे तरी कशी? चांगलं खेळणाऱ्या कामगाराला 'साला दो पानो' मध्ये, म्हणजे कापडखात्यात टाकायचे. तिथलं काम हलकं. प्रॅक्टिसला लवकर सुटी. म्हणजे पायात जादू असेल तर मागाच्या खडखडाटातून सुटका. आयटीत असलेल्यांना हे सांगायला नको. कंपनीच्या क्रिकेट टीममध्ये ओपनिंगला जाणारा पोरगा टूर्नामेंटच्या महिन्यात कुठल्या प्रोजेक्टवर असतो आणि त्याची टाइमशीट कोण बघतं, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. फरक एवढाच की बांगूतल्या पोराचं अख्खं घर त्या गिरणीवर होतं. घर गिरणीचं, शाळा गिरणीची, मैदान गिरणीचं. चांगला खेळलास तर हलकं काम. वाईट खेळलास तर? विचारायची सोय नव्हती.

या वातावरणात दा गिया घराणं वाढलं. चार भाऊ बांगूकडून खेळले. त्यातला लादिस्लाउ आजही क्लबचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू आहे. धाकटा दोमिंगोस तर ब्राझीलच्या आजवरच्या सर्वोत्तम बचावपटूंमध्ये गणला जातो. उरुग्वे, अर्जेंटिना आणि ब्राझील, तिन्हीकडे विजेतेपद जिंकलं, १९३८ चा वर्ल्डकप खेळला. या दोमिंगोसने म्हातारपणी एका मुलाखतीत सांगितलेली गोष्ट मला विसरता येत नाही. तो म्हणाला, लहानपणी मला फुटबॉल खेळायची भीती वाटायची, कारण इथेच बांगूत, काळ्या खेळाडूला फाउल केला म्हणून मैदानात मार खाताना मी पाहिलं होतं, कधी कधी तर फाउल नसतानाही. मग मोठ्या भावाने युक्ती सांगितली: तू नाचतोस चांगला, तर नाच की! दोमिंगोस म्हणतो, सांबातल्या बारीक पावलांची नक्कल करत मी माझं ड्रिबलिंग शोधलं. कोणाला धक्काच लागू द्यायचा नाही, म्हणजे मार खायची वेळच येणार नाही.

बचावपटूने आपल्या गोलसमोर, समोरचा अंगावर येत असताना, चेंडू लाथाडून न देता त्याला हळूच चकवून बाहेर पडणं ही दोमिंगोसची खासियत. लोक त्याला कला म्हणायचे. तिची सुरुवात भीतीतून झाली होती, आणि ती भीती त्याच क्लबच्या मैदानावरची होती ज्याने काळ्या खेळाडूसाठी लीग सोडली. हे दोन्ही एकाच जागेबद्दल खरं आहे.

१९३३ मध्ये रिओत व्यावसायिक फुटबॉल अधिकृत झालं. खेळाडूला उघडपणे पगार. आणि या पहिल्या व्यावसायिक चॅम्पियनशिपचा विजेता? बांगू. निर्णायक सामन्यात फ्लुमिनेन्सेला ४-० ने हरवून. लपूनछपून हलकं काम देण्याची गरज संपली त्याच वर्षी गिरणीचा क्लब जिंकला, हा योगायोग मला फार गोड वाटतो.

पुढची काही दशकं मी जरा पळवतो. गिरणी सिल्वेरा घराण्याच्या हातात होती आणि घराण्यातला सिल्वेरिन्या क्लबचा आश्रयदाता. बांगूचं सुती कापड फॅशनेबल झालं, पन्नाशीच्या दशकात त्याच्या जाहिरातीसाठी देशभर 'मिस एलेगांते बांगू' अशा सौंदर्यस्पर्धा व्हायच्या. पैसा होता. १९५० मध्ये क्लबने फ्लामेंगोकडून झिझिन्योला विकत घेतलं. हा कोण? पेलेला लहानपणी ज्याच्यासारखं व्हायचं होतं तो. त्या वर्षी मारकानावर उरुग्वेकडून हरलेल्या ब्राझीलच्या संघात तो होता, बांगूचा खेळाडू म्हणून.

१९४७ मध्ये क्लबला नवीन स्टेडियम मिळालं. लोक त्याला 'मोसा बोनिता' म्हणतात, म्हणजे 'सुंदर मुलगी', ते त्या भागाचं जुनं नाव. अधिकृत नाव मात्र ऐका: 'एस्तादियो प्रोलेतारियो गिल्येर्मे दा सिल्वेरा'. म्हणजे 'कामगार स्टेडियम', आणि लगेच पुढे मालकाचं नाव! एका पाटीवर दोन्ही. बांगूचा सगळा इतिहास मला एखाद्या व्हेरिएबलच्या नावात भरायला सांगितला असता तर मी हेच वापरलं असतं.

१९६० मध्ये न्यूयॉर्कला एक आंतरराष्ट्रीय लीग भरली होती. बांगू गेला आणि जिंकून आला. फायनलमध्ये किल्मार्नोकला २-० ने हरवलं. किल्मार्नोक कुठला क्लब? स्कॉटलंडचा. डोनोहोच्या गावापासून फार लांब नाही. त्या बांगूत अठरा वर्षांचा एक पोरगा होता, आदेमिर दा गिया, दोमिंगोसचा मुलगा. तो पुढे पाल्मेरासला गेला आणि तिथला देव झाला.

आता डॉन.

रिओत 'जोगो दो बिशो' नावाचा जुगार आहे. पंचवीस प्राणी, प्रत्येकाला आकडे, रोज निकाल. आपल्याकडच्या मटक्याचा चुलतभाऊ समजा. १८९२ मध्ये एका प्राणिसंग्रहालयाच्या मालकाने गिऱ्हाईक वाढावं म्हणून काढलेली सोडत गल्लोगल्ली पसरली, बेकायदा ठरली आणि तरी कधी संपली नाही. बांगू भागात हा धंदा होता कास्टोर दे आंद्रादेच्या हातात. कायद्याचं शिक्षण घेतलेला, म्हणून लोक 'डॉक्टर कास्टोर' म्हणायचे. वडील एउझेबियो १९६६ मध्ये क्लबचे अध्यक्ष होते.

त्या वर्षीची फायनल १८ डिसेंबरला मारकानावर, १ लाख ४० हजारांहून जास्त प्रेक्षकांपुढे, फ्लामेंगोविरुद्ध. बांगू ३-० ने पुढे गेला आणि फ्लामेंगोचा अल्मीर भडकला. यांना विजयाची फेरी मारू द्यायचीच नाही असं ठरवून त्याने हाणामारी सुरू केली. रेफरीने फ्लामेंगोचे पाच आणि बांगूचे चार बाहेर काढले. फ्लामेंगोकडे पुरेसे खेळाडूच उरले नाहीत, मॅच तिथेच संपली. बांगू चॅम्पियन. विजेतेपदाची फेरी कोणी धड मारली नाही. त्यानंतर बांगूने हे विजेतेपद पुन्हा जिंकलेलं नाही.

पोर्तुगीजमध्ये 'कास्टोर' म्हणजे बीव्हर, तो लाकडं कुरतडून नदीवर बांध घालणारा प्राणी. क्लबचा मॅस्कॉट बीव्हर आहे. लक्षात घ्या, रिओच्या जंगलात बीव्हर नसतो. जुगाराच्या पंचवीस प्राण्यांतही तो नाही. तो फक्त कास्टोर साहेबांमुळे तिथे आहे. कामगारांच्या क्लबाच्या छातीवर आधी गिरणीमालक होता, नंतर मटकाकिंग आला.

या कास्टोरच्या पैशावर १९८५ उगवलं. शेजारच्या पाद्रे मिगेल वस्तीतली 'मोसिदादे' ही सांबा शाळाही त्याच्याच आश्रयाखाली होती, आणि ती मुळात एका फुटबॉल टीममधूनच निघालेली. त्या फेब्रुवारीत मोसिदादेने रिओचा कार्निव्हल जिंकला. आणि जुलैच्या शेवटी बांगू राष्ट्रीय चॅम्पियनशिपच्या फायनलला. मारकाना, ३१ जुलै, ९१ हजारांवर प्रेक्षक, समोर कोरितिबा. फ्लामेंगोचे, वास्कोचे, बोटाफोगोचे लोक आपापले झेंडे घेऊन बांगूसाठी आलेले. १-१. पेनल्टी. पाचही जणांनी दोन्हीकडून मारल्या. सहावी बांगूच्या आदोने बाहेर घालवली. कोरितिबाच्या गोमेसने आपली मारली. ६-५. मारिन्यो, त्या वर्षी देशातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून 'प्लाकार' मासिकाचा सुवर्णचेंडू मिळवणारा, बांगूचाच. त्याच डिसेंबरमध्ये राज्याची फायनलही हरले, फ्लुमिनेन्सेकडून २-१, शेवटच्या क्षणी न दिलेल्या पेनल्टीवरून बांगूचे म्हातारे आजही रेफरीच्या नावाने खडे फोडतात. एकाच वर्षात दोन फायनल हरणं म्हणजे काय, हे आरसीबीवाल्यांनो, तुम्हाला सांगायला नको!

मग उतरण. १९९३ मध्ये न्यायाधीश देनीझे फ्रोसार्द यांनी जुगारातल्या चौदा डॉनना एकदम सहा-सहा वर्षांची शिक्षा सुनावली, त्यात कास्टोर होता. तो फरार झाला, १९९४ मध्ये साओ पावलोच्या कार प्रदर्शनात वेष बदलून फिरताना पकडला गेला, १९९७ मध्ये गेला. पैसा आटला. आधीच राष्ट्रीय पहिल्या विभागातून खाली आलेला संघ २००४ मध्ये राज्याच्या पहिल्या विभागातूनही घसरला आणि वर यायला २००८ उजाडलं.

कास्टोरबद्दल बांगूत कोणाला विचारलंत तर बरेच जण प्रेमाने बोलतील, हे त्याच्यावर झालेल्या माहितीपट-मालिकेतही दिसतं. मला ते पटायला जड जातं, पण समजतं. पोरांना बूट कोणी घेऊन दिले, याचं उत्तर त्यांच्याकडे एका नावात आहे.

गिरणीचं म्हणाल तर माग बंद पडले आणि २००७ मध्ये त्याच विटांच्या भिंतींत 'बांगू शॉपिंग' नावाचा मॉल उघडला. इमारतीला वारसा म्हणून संरक्षण होतं, त्यामुळे बाहेरून ती अजून गिरणीच दिसते. आत फूड कोर्ट. २०१४ मध्ये, वर्ल्डकपच्या वर्षी, मॉलसमोर डोनोहोचा उंच पुतळा उभा केला, चेंडूसकट.

मला तिथे दोन पुतळे आवडले असते. रंगारी आहेच, शेजारी विणकर. नीट इस्त्रीच्या कपड्यांत.

क्लब अजून मोसा बोनितावर खेळतो, त्याच लाल-पांढऱ्या पट्ट्यांत, त्याच उन्हात. १९०५ चा फोटो शोधून बघा, झूम करा, आणि कारेगाल ओळखता आला का ते कमेंटमध्ये सांगा. भेटू पुढच्या भागात.